नकाशावरचे मैदान

नगरपालिकेच्या सभागृहात एके दिवशी भिंतीवर एक मोठा रंगीत नकाशा लावला जातो. वृत्तपत्राच्या आतल्या पानावर बारीक टाइपात एक जाहीर सूचना छापून येते आणि गावात कुजबूज सुरू होते. दुसऱ्या दिवसापासून नकाशासमोर गर्दी जमते. कोणी खिशातून सातबाऱ्याचा उतारा काढून आपला सर्व्हे नंबर शोधतो, कोणी शेजाऱ्याच्या जमिनीवर कोणता रंग आला आहे ते पाहतो. पिवळा रंग म्हणजे निवासी विभाग, निळा म्हणजे व्यापारी, जांभळा म्हणजे औद्योगिक, आणि हिरवा म्हणजे शेती किंवा मोकळी जागा. ज्याच्या शेतावर पिवळा रंग आला तो हसतमुखाने घरी जातो. ज्याच्या शेतावर 'क्रीडांगण' किंवा 'प्राथमिक शाळा' अशी अक्षरे उमटली तो वकिलाचे घर गाठतो. शेत तेच, माती तीच, पाऊसही तेवढाच. परंतु नकाशावरील एका रेषेने एकाला धनिक केले आणि दुसऱ्याला अडकवून ठेवले.

ही रेषा ओढणारे खाते म्हणजे राज्य शासनाचा नगररचना विभाग. सर्वसामान्य नागरिकाला महसूल खाते ठाऊक असते, सार्वजनिक बांधकाम खातेही ठाऊक असते. नगररचना खात्याशी त्याचा संबंध घर बांधताना किंवा जमीन बिनशेती करताना येतो तेवढाच. त्यामुळे हे खाते म्हणजे परवानगी देणारे, किंवा अडवणारे, एक कार्यालय अशी समजूत रूढ झाली आहे. ही समजूत अपुरी आहे. जमिनीच्या मूल्याची फेरवाटणी करण्याची एवढी मोठी शक्ती शासनाच्या क्वचितच दुसऱ्या एखाद्या खात्याच्या हाती असेल. प्रश्न असा आहे की, ही शक्ती वापरून जे वचन नगरवासीयांना दिले जाते, ते पाळण्याची व्यवस्था त्या नकाशातच का नसते?

प्लेगपासून नियोजनापर्यंत

या खात्याचा जन्म समजून घेण्यासाठी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जावे लागते. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाटीवाटीच्या, हवा-उजेड नसलेल्या चाळींनी त्याला आश्रय दिला. रोगाचे मूळ केवळ जंतूत नसून वस्तीच्या रचनेतही आहे, हे त्या आपत्तीने शासनाला शिकविले. १८९८ साली मुंबईत सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टची स्थापना झाली. पण बिघडलेली वस्ती पाडून पुन्हा बांधणे हा महागडा उपाय; वस्ती बिघडण्यापूर्वीच तिची आखणी करणे हा स्वस्त आणि शहाणपणाचा मार्ग. या विचारातून १९१४ साली मुंबई इलाख्यात नगररचनेचे सरकारी कार्यालय सुरू झाले आणि १९१५ साली मुंबई नगररचना अधिनियम संमत झाला. नगररचनेसाठी भारतात झालेला हा पहिला कायदा होय. पॅट्रिक गेडिस यांच्यासारखा विचारवंत याच सुमारास भारतात आला, त्याने अनेक शहरांची पाहणी केली आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे अध्यापनही केले.

स्वातंत्र्यानंतर १९५४ चा कायदा आला आणि संपूर्ण शहराची विकास योजना तयार करणे हे स्थानिक संस्थांचे बंधनकारक कर्तव्य ठरले. त्यानंतर प्राध्यापक धनंजयराव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखालील समितीने, शहराचा विचार त्याच्या सभोवतालच्या प्रदेशापासून तोडून करता येणार नाही, असे प्रतिपादन केले. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ हा या साऱ्या विचारांचा परिपाक. ११ जानेवारी १९६७ पासून अंमलात आलेला हा कायदाच, अनेक दुरुस्त्यांसह, आजही या खात्याचा आधार आहे.

१९६१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची सुमारे २८ टक्के लोकसंख्या नागरी होती. २०११ साली हे प्रमाण ४५ टक्क्यांवर गेले. म्हणजे हा कायदा झाला तेव्हा जो प्रश्न प्रामुख्याने मुंबई-पुण्याचा होता, तो आज तालुक्याच्या गावांचाही झाला आहे. नकाशावरील मैदान प्रत्यक्षात उतरते की नाही, यावर लक्षावधी मुलांचे बालपण कसे जाईल हे अवलंबून आहे.

दहा वर्षांची हमी

१९६६ च्या कायद्यातील एक तरतूद फारशी चर्चिली जात नाही. कलम ३१ चे पोटकलम ५ असे सांगते की, जी जमीन नियोजन प्राधिकरणाच्या मालकीची नाही ती सार्वजनिक प्रयोजनासाठी राखून ठेवावयाची असेल, तर योजना अंमलात आल्यापासून दहा वर्षांच्या आत ती जमीन संपादन करणे त्या संस्थेला शक्य होईल अशी शासनाची खात्री पटल्याखेरीज तसे आरक्षण मंजूर योजनेत समाविष्ट करता येणार नाही. विधिमंडळाचा हेतू यातून स्वच्छ दिसतो. आरक्षण ही सदिच्छा नव्हे. ती हुंडी आहे. ती वटेल अशी खात्री असेल तरच लिहावी.

या तरतुदीची दुसरी बाजू कलम १२७ मध्ये आहे. दहा वर्षांत जमीन ताब्यात घेतली नाही तर मालकाला नोटीस देता येते आणि त्यानंतर ठराविक मुदतीत संपादन झाले नाही किंवा त्यासाठी पावले उचलली गेली नाहीत, तर आरक्षण आपोआप रद्द होते. ही मुदत प्रारंभी सहा महिन्यांची होती. २००९ साली ती बारा महिने करण्यात आली आणि २०१५ साली चोवीस महिने. मुदत वाढत गेली याचाच अर्थ मूळ मुदतीत काम होत नव्हते. नुसता प्रस्ताव पाठवून 'पावले उचलली' असे म्हणण्याची सोयही सर्वोच्च न्यायालयाने २००७ साली गिरनार ट्रेडर्स प्रकरणातील निर्णयाने बंद केली. मालकाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. एखाद्याची जमीन खरेदी न करता, तिचा वापरही करू न देता वर्षानुवर्षे अडकवून ठेवणे हा अन्याय होय. पण त्या मैदानाची वाट पाहणाऱ्या वस्तीचे काय? आरक्षण रद्द होते तेव्हा तिला कोणी नोटीस देत नाही. नकाशावरील हिरवा चौकोन एक दिवस निवासी होतो आणि तेथे इमारत उभी राहू लागल्यावर शेजाऱ्यांना बातमी लागते.

वचन पाळले का जात नाही, याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. एखाद्या मध्यम नगरपालिकेने एक हेक्टरचे, म्हणजे दहा हजार चौरस मीटरचे क्रीडांगण राखून ठेवले आहे आणि तेथील जमिनीचा बाजारभाव चौरस मीटरला पाच हजार रुपये आहे, असे गृहीत धरू. जमिनीची किंमत झाली पाच कोटी. २०१३ चा भूसंपादन कायदा १ जानेवारी २०१४ पासून लागू झाल्यावर बाजारमूल्याइतकीच दिलासा रक्कम द्यावी लागते. म्हणजे खर्च झाला दहा कोटी. अशी वीस आरक्षणे असतील तर दोनशे कोटी. जुन्या कायद्यात ही दिलासा रक्कम ३० टक्के होती. शेतकऱ्याला व जमीनमालकाला रास्त मोबदला मिळावा हे योग्यच. पण तो देण्याची ऐपत नगरपालिकेजवळ आहे काय, हा प्रश्न योजना मंजूर करताना विचारला गेला पाहिजे. कर्मचाऱ्यांच्या वेतनासाठी शासकीय अनुदानाकडे डोळे लावून बसलेल्या संस्था शेकडो कोटींच्या हुंड्या लिहितात आणि शासनाची 'खात्री' पटते. कायद्याने मागितलेली ही खात्री बहुतेक वेळा कागदावरची औपचारिकता बनली आहे.

हस्तांतरणीय विकास हक्क, म्हणजे बोलीभाषेतील टीडीआर, हा यावर एक तोडगा. मुंबईत १९९१ च्या नियमावलीने तो प्रथम आणला. रोख पैशाऐवजी मालकाला अन्यत्र अधिक बांधकाम करण्याचा हक्क द्यावयाचा, ही कल्पना चतुर आहे. पण तिला मर्यादा आहे. जेथे जमिनीला सोन्याचा भाव आहे तेथेच या हक्काला गिऱ्हाईक मिळते. लहान नगरपालिकेच्या गावात हा कागद घेणार कोण? शिवाय एका भागातील मैदानाची किंमत दुसऱ्या भागातील रस्ते, गटारे आणि पाणीपुरवठा वाढीव गर्दीच्या रूपाने फेडतात, हेही विसरता येत नाही.

विलंबाची किंमत

पैशाइतकाच मोठा शत्रू म्हणजे काळ. पुणे शहराच्या जुन्या हद्दीची सुधारित विकास योजना २००७ ते २०२७ या वीस वर्षांसाठी होती. महानगरपालिकेत मतभेद व विलंब होत राहिल्याने २०१५ साली शासनाने ती आपल्या हाती घेतली आणि जानेवारी २०१७ मध्ये तिला मंजुरी मिळाली. वीस वर्षांची योजना, तिची निम्मी वर्षे मंजुरीपूर्वीच संपलेली! मुंबईची १९८१ ते २००१ या कालावधीची योजना १९९१ नंतर टप्प्याटप्प्याने मंजूर झाली. त्यापुढील योजनेचा मसुदा २०१५ साली प्रसिद्ध झाला, त्यातील चुकांवर एवढा गदारोळ उठला की तो मागे घ्यावा लागला, आणि नवी योजना २०१८ साली मंजूर झाली.

शहर मात्र मंजुरीसाठी थांबत नाही. योजना येईपर्यंत शेताचे गुंठे पडतात, मुद्रांकाच्या कागदावर व्यवहार होतात आणि आठ फुटांच्या बोळांभोवती वस्ती उभी राहते. मग तीच वस्ती नियमित करण्यासाठी कायदा करावा लागतो. २००१ च्या गुंठेवारी कायद्याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या वस्त्या नियमित करण्याची सोय केली. पुढे ही मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणण्यात आली. गुंठेवारीत राहणारे लोक लबाड नाहीत. त्यांत कारखान्यातील कामगार, शिपाई, लिपिक आणि शिक्षकही आहेत. अधिकृत भूखंड त्यांना परवडण्याजोग्या किमतीत, योग्य वेळी उपलब्ध झाले नाहीत, एवढाच त्यांचा अपराध. नियोजनाचा विलंब हा अखेर अशा कुटुंबांवर बसणारा अप्रत्यक्ष करच होय. तो ते पाण्याच्या टँकरच्या रूपाने, अरुंद रस्त्यात अडकलेल्या रुग्णवाहिकेच्या रूपाने, आणि मैदानाविना वाढणाऱ्या मुलांच्या रूपाने भरतात.

वाढीव मूल्य कोणाचे?

येथे अर्थशास्त्रातील एक जुना प्रश्न उभा राहतो. शेतजमिनीवर पिवळा रंग पडताच तिची किंमत अनेक पटींनी वाढते. ही वाढ मालकाच्या श्रमाने झालेली नाही की भांडवलानेही नाही. रस्ता सार्वजनिक पैशाने होणार, पाणी सार्वजनिक पैशाने येणार, आणि रंग बदलण्याचा निर्णयही शासनाचा. अशा अनर्जित वाढीचा काही भाग समाजाकडे परत यावा, हे तत्त्व रिकार्डो व मिल यांच्या काळापासून मांडले गेले आहे. आज घडते ते उलट. वाढ मालकाला किंवा त्याच्याकडून आधीच जमीन घेऊन बसलेल्या मध्यस्थाला मिळते, आणि मैदानासाठी जमीन घेताना समाज तीच वाढलेली किंमत पुन्हा मोजतो. म्हणजे मूल्य निर्माण करणारा समाजच आपल्या निर्मितीचा खरेदीदार ठरतो, आणि तेही दुप्पट दराने.

विशेष म्हणजे या कोड्याचे उत्तर या खात्याच्या जन्मपत्रिकेतच लिहिलेले आहे. १९१५ च्या कायद्याचा गाभा म्हणजे 'नगररचना परियोजना'. एखाद्या भागातील सर्व मालकांच्या जमिनी कागदोपत्री एकत्र करावयाच्या, त्यातून रस्ते, बागा, शाळा यांसाठी जागा काढावयाची, आणि उरलेल्या जमिनीचे सुबक, रस्त्यालगतचे भूखंड पाडून ते मूळ मालकांना परत द्यावयाचे. गेलेल्या जमिनीचा मोबदला आणि सुधारणेमुळे वाढलेले मूल्य यांचा हिशोब समोरासमोर मांडावयाचा आणि वाढीच्या निम्म्यापर्यंत अंशदान मालकाकडून घ्यावयाचे. समजा, एका शेतकऱ्याची एक एकर, म्हणजे चाळीस गुंठे जमीन आहे आणि भाव गुंठ्याला दोन लाख आहे. किंमत झाली ऐंशी लाख. परियोजनेत त्याचे चाळीस टक्के क्षेत्र गेले आणि चोवीस गुंठे परत मिळाले. पण रस्ता व सोयी आल्याने भाव पाच लाख झाला, तर त्याच्या हाती एक कोटी वीस लाखांची मालमत्ता आहे. त्यातून अंशदान दिल्यावरही तो तोट्यात नाही. कोणी बेघर झाले नाही. आणि मैदानासाठी नगरपालिकेला तिजोरी रिकामी करावी लागली नाही.

ही कल्पना हवेतील नाही. मुंबईच्या वांद्रे, सांताक्रूझ, विलेपार्ले या उपनगरांत आणि पुण्याच्या शिवाजीनगर-भांबुर्डा भागात अशा परियोजना झाल्या. तेथील मालमत्तेच्या कागदपत्रांत 'टी.पी.एस.' आणि 'फायनल प्लॉट' हे शब्द आजही आढळतात. त्या वस्त्यांतील सरळ रस्ते आणि झाडांची सावली हे त्याच जुन्या हिशोबाचे फळ आहे.

मग ही पद्धत मागे का पडली? एक तर तिची प्रक्रिया लांबलचक होती. प्रत्येक भूखंडाचे मूल्य, प्रत्येक मालकाची हरकत आणि त्यावरचा निर्णय यांत वर्षे जात. दुसरे म्हणजे संपूर्ण शहराची विकास योजना बंधनकारक झाल्यावर खात्याची शक्ती तिकडे वळली. जमीन वाटून घेण्याऐवजी ती राखून ठेवावयाची आणि पुढे कधीतरी विकत घ्यावयाची, हा मार्ग सोपा वाटला. तो कागदावर सोपा होता.

शेजारच्या गुजरातने मात्र हा वारसा सोडला नाही. १ मे १९६० रोजी राज्ये वेगळी झाली तेव्हा १९५४ चा कायदा दोघांच्याही वाट्याला आला होता. गुजरातने १९७६ साली आपला नवा कायदा केला, पण नगररचना परियोजनेला त्यात मध्यवर्ती स्थान दिले. १९९९ च्या दुरुस्तीने मसुदा मंजूर होताच रस्त्यांचा ताबा घेण्याची सोय केली आणि विलंबाचे दुखणे बरेच कमी केले. अहमदाबादचा ७६ किलोमीटरचा वर्तुळाकार रस्ता मुख्यतः याच मार्गाने साकारला. २००१ च्या भूकंपानंतर भुजच्या कोटाआतील दाट वस्तीची पुनर्रचनाही याच पद्धतीने झाली. मुंबई इलाख्याने शोधलेले साधन अहमदाबादेत झिजून लखलखीत झाले आणि पुण्यात गंजले. अलीकडे पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने म्हाळुंगे-माण येथे आणि सिडकोने पनवेलच्या परिसरातील 'नैना' क्षेत्रात ते पुन्हा हाती घेतले आहे, ही समाधानाची गोष्ट होय.

मर्यादांचे भान

अर्थात ही पद्धत म्हणजे सर्व रोगांवरील मात्रा नव्हे. जमिनीचा भाव वाढेल या गृहीतावर तिचा डोलारा उभा आहे. जेथे वाढीची आशा नाही तेथे मालक चाळीस टक्के जमीन का सोडील? दोन गुंठ्यांच्या मालकाचे क्षेत्र कापले तर त्याचे घरच उभे राहणार नाही. शिवाय ज्याचे नाव सातबाऱ्यावर आहे त्यालाच या हिशोबात स्थान आहे. त्या जमिनीवर राबणारा मजूर, भाडेकरू, झोपडीवासी यांचा वाटा त्यात आपोआप येत नाही. तो वेगळा राखून ठेवावा लागतो. आणि भाव ठरविणारा अधिकारी निःस्पृह नसेल तर कोणाला रस्त्यालगतचा भूखंड आणि कोणाला नाल्याकडेचा, यातच सारा न्याय बुडून जाईल.

म्हणूनच या खात्याच्या नावातील दुसरा शब्द महत्त्वाचा ठरतो. त्याचे पूर्ण नाव 'नगररचना आणि मूल्यनिर्धारण विभाग' असे आहे. मुद्रांक शुल्कासाठी गावोगावच्या जमिनींचे जे वार्षिक दर ठरतात, ज्यांना लोक 'रेडी रेकनर' म्हणून ओळखतात, त्यांच्यामागे याच खात्याचे मूल्यनिर्धारणाचे काम असते. म्हणजे कोणत्या जमिनीवर कोणता रंग आहे हेही हे खाते जाणते आणि तिची किंमत किती आहे हेही. नकाशा आणि किंमत या दोन गोष्टी एकाच छपराखाली असूनही एका कागदावर का येत नाहीत?

त्या एका कागदावर आणल्या तर अनेक गोष्टी साधतील. विकास योजनेच्या प्रत्येक आरक्षणापुढे तीन रकाने असावेत : आजच्या दराने संपादनाचा खर्च, तो कोठून येणार, आणि कोणत्या वर्षी. हे तीन रकाने भरता येत नसतील तर ते आरक्षण खरेदीने नव्हे, परियोजनेच्या मार्गाने आणावे. आणि तेही शक्य नसेल तर ते नकाशावर मांडून लोकांची फसवणूक करू नये. दरवर्षी प्रत्येक नगरपालिकेने किती आरक्षणे ताब्यात आली, किती रद्द झाली आणि किती फेरबदलाच्या कलमाने उठविली गेली, याचे विवरण सोप्या मराठीत प्रसिद्ध करावे. शहराच्या कडेची शेतजमीन पिवळी करावयाची असेल तर ती परियोजनेच्या अटीवरच करावी. आधी रंग आणि मग रस्ता हा क्रम उलटावा.

या साऱ्याला राजकीय बळ लागेल, कारण आजच्या अव्यवस्थेतूनही काहींचा लाभ होतो. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरनियोजनाला बाराव्या अनुसूचीत पहिले स्थान दिले, आणि तरीही अंतिम मंजुरीची किल्ली मंत्रालयातच राहिली. तेव्हा लोकांचा दबाव हाच खात्यातील प्रामाणिक अधिकाऱ्याचा खरा आधार. गोव्यात २००६ साली अधिसूचित झालेल्या प्रादेशिक आराखड्याविरुद्ध नागरिकांनी गावोगाव नकाशे वाचून दाखविले आणि २००७ च्या प्रारंभी शासनाला तो मागे घ्यावा लागला. सामान्य माणसाला नकाशा कळत नाही, हा समज त्या एका घटनेने खोटा ठरविला.

सभागृहातील त्या नकाशासमोर जमलेल्या गर्दीत बहुतेक जण आपली जमीन शोधत असतात. ज्यांच्याजवळ जमीनच नाही असे भाडेकरू, विद्यार्थी, नोकरदार तेथे फिरकतही नाहीत. वस्तुतः नकाशावरचे मैदान, वाचनालय आणि दवाखाना ही त्यांचीच मालमत्ता आहे. किंबहुना त्यांच्याजवळ असलेली ती एकमेव जमीन आहे. हरकती व सूचनांसाठी ठरलेल्या मुदतीत तिचा उतारा मागण्यास त्यांनी यावे, आणि खात्याने तो त्यांना किमतीसह आणि तारखेसह द्यावा. ज्या आरक्षणापुढे तारीख नाही, त्या मैदानावर मुले कधीही खेळणार नाहीत.